शिलेदारांच्या कथा आणि डिंडोलीतली एक गाठ

सुरतेला मी एक निबंध ऐकायला गेले होते. ऐकायच्या आदल्या दिवशी दुपारी त्या निबंधाचा सगळ्यात मोठा पुरावा मी स्वतःच्या हाताने कातरला आणि कचऱ्यात टाकला. परत येऊन महिना झाला. सांगलीत कोणी विचारलं, "काय, सुरत कशी वाटली?" की मी आधी जेवणाबद्दल बोलते. ते खोटं नाही, जेवण उत्तमच होतं. पण इथे सगळं सांगून टाकते.

मी एकतीस वर्षं कॉलेजात फ्रेंच शिकवलं. माझा अभ्यासाचा विषय असा, की ऐकणारा पाहुणा "वा, वा" म्हणतो आणि घड्याळाकडे बघतो. आठ-नऊशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये शिलेदारांच्या प्रेमकथा रचल्या गेल्या. चिलखत घातलेला घोडेस्वार, त्याची बाई, त्याची प्रतिज्ञा, वाटेत भेटणारी चमत्कारिक माणसं. या कथांमधल्या खुणांचे अर्थ पुढच्या शंभर-दोनशे वर्षांत कसे बदलत गेले, हे मी आयुष्यभर बघत बसले. टाळेबंदीत त्यावर नेटवरून आठ व्याख्यानं दिली. पहिल्याला चाळीसजण होते. आठव्याला एकच नाव उरलं होतं: हर्षाली, सुरत.

हर्षाली डिंडोलीत राहते. डिंडोलीत खानदेशातून कापडाच्या कामाला आलेली इतकी माणसं आहेत, की भाजीवालीशीही मराठीत घासाघीस करता येते. तिचे वडील, सुकदेवभाऊ, धुळ्याकडून लग्नाआधीच इथे आलेले. साडीच्या मिलमध्ये कापड तपासायचं त्यांचं काम. तीन वर्षांपूर्वी थोड्याच दिवसांच्या आजारात ते गेले. हर्षाली फ्रेंचच्या क्लासला गेली ती हिऱ्याच्या ऑफिसात नोकरी लागेल म्हणून, कारण हिऱ्यांचा माल बेल्जियमला जातो आणि तिथे फ्रेंच लागतं. नोकरी राहिली बाजूला आणि पोरगी शिलेदारांच्या मागे लागली. बडोद्याला जाऊन-येऊन तिने एम.ए. केलं. आता सुरतेतल्या एका कॉलेजात चर्चासत्र होतं, त्यात ती पहिल्यांदा निबंध वाचणार होती. मला तिने तो पाठवला, पण पहिलं पान काढून घेऊन.

"ते तिथंच ऐका, मॅडम," फोनवर म्हणाली. "सरप्राइज छे."

मी बॅग भरली.

डिंडोली, पहिला दिवस

जानेवारीतली सुरत अंगावर शाल घ्यायला लावते आणि दुपारी काढायला लावते. हर्षाली स्टेशनवर आली होती. पडद्यावर एवढीशी दिसणारी मुलगी प्रत्यक्षात माझ्यापेक्षा वीतभर उंच निघाली. रिक्षात तिने रिक्षावाल्याशी गुजरातीत, फोनवर मैत्रिणीशी हिंदीत आणि माझ्याशी मराठीत असं एकाच दमात बोलून दाखवलं. मराठीत ती जरा सावकाश बोलते, पायऱ्या बघून उतरल्यासारखी.

दारात तिची आई उभी होती. वत्सलाताई. लहानखुऱ्या, कपाळावर मोठं कुंकू नाही पण हसू तेवढंच ठसठशीत.

"या ताई, या. हात-पाय धुई ल्या. काबर एवढा उशीर? गाडीनं छळलं वाटतं."

माझ्याशी बोलताना त्या मराठी बोलायच्या, पण घाईत किंवा मायेत आल्या की अहिराणी सुरू व्हायची. मला पहिल्या दिवशी निम्मं कळलं. तिसऱ्या दिवशी सगळं कळत होतं, आणि मग निघायची वेळ आली.

दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत साड्यांचे ढीग, माझ्या कमरेएवढे. मशीनवर भरतकाम झालं की साडीच्या उलट्या बाजूला धागे लोंबत राहतात. ते कापायचं काम घरोघरी देतात. वत्सलाताई दुपारभर ते करतात, मांडीवर साडी, हातात चिमट्यासारखी छोटी कातर. कापलेले धागे एका गोणीत. त्या आठवड्यात सगळा माल लाल भरतकामाचा होता, त्यामुळे गोणी तोंडापर्यंत लालेलाल.

जेवायला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत आणि शेवभाजी. आमच्या सांगलीत तिखट म्हणजे तिखट, अशी माझी घमेंड होती. पहिल्या घासाला ती उतरली. मी डोळे पुसत "छान आहे, छान आहे" म्हणत राहिले आणि वत्सलाताई माझ्या ताटात आणखी रस्सा वाढत राहिल्या. शेवटी हर्षालीने मुकाट्याने दह्याची वाटी पुढे सरकवली.

संध्याकाळी मी म्हटलं, मलाही एक कातर द्या, नुसती बसून काय करू. मला तसाही हा रोगच आहे. बसमध्ये पुढच्या माणसाच्या कॉलरचा सुटलेला दोरा दिसला तर माझे हात शिवशिवतात. शेजारची एक बाईही काम घेऊन आली. चौघी कातरत बसलो. वत्सलाताई म्हणाल्या, "ताई, ही पोर रात्रंदिवस त्या घोडेस्वारांचं वाचते. काय शे त्यात? आम्हालेबी सांगा."

एकतीस वर्षांत इतक्या मनापासून हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी सांगायला लागले. लढतीच्या आधी बाई आपल्या झग्याची बाही सोडून शिलेदाराला देते, तो ती भाल्याला बांधतो. त्या काळी बाह्या वेगळ्या बांधलेल्या असायच्या.

"अन् मग ती बाई?" शेजारीण म्हणाली. "एका बाहीवर बसली पूर्ण तमाशा संपेपर्यंत? थंडीत?"

हसून हसून कातरी खाली ठेवाव्या लागल्या. मी पुढे सांगितलं, की आधी ती बाही म्हणजे एका बाईचा एका पुरुषाला दिलेला शब्द होता. पुढे ती फॅशन झाली. मग ढालींवर बाहीची चित्रं रंगवू लागले आणि कोणाची बाही, कशासाठी, हे कोणाला आठवेना. एका मेजवानीत एक ताट येतं, मोठं, मासा वाढायचं असतं तसं. पुढच्या पिढीतल्या सांगणाऱ्यांनी त्या ताटाचं देवाचं पात्र करून टाकलं. आणि गाडी. जुन्या कथेत गाडीतून फक्त चोर-खुन्यांची धिंड काढायचे. एक शिलेदार प्रेमापायी त्या गाडीत चढला आणि गावोगाव लोक त्याच्यावर थुंकले. नंतरच्या कथेत मोठमोठी माणसं स्वतःहून त्याच गाडीत बसतात, आणि मग गाडीत बसायची लाज कोणालाच राहत नाही.

वत्सलाताई कातरता कातरता थांबल्या. "गाडीत बसायची कसली लाज? आम्ही लग्न करून आलो ते टेम्पोतच. गादीवर मी, गॅसच्या शेगडीवर ते. सारी गल्ली बघायला जमली व्हती. मी तर राणीसारखी उतरले."

हर्षालीने वहीत काहीतरी लिहून घेतलं. मला वाटलं, निबंधात घालते की काय.

मिल, दुसरा दिवस

सकाळी हर्षाली मला वडिलांच्या मिलमध्ये घेऊन गेली. तिथे नथ्थूभाऊ म्हणून त्यांचे सोबती अजून कामावर आहेत. आत मशीनचा एवढा आवाज, की माणसं ओठ आणि बोटं वापरून बोलतात. तपासणीची खोली मात्र शांत होती. तिरप्या काचेचं टेबल, काचेखाली दिवे, वरून साडीचं कापड सरकत जातं आणि नथ्थूभाऊंची नजर त्यावर. मध्येच हात पडला. कापड थांबलं. त्यांनी बोटाने दाखवलं, पण मला काही दिसेना. चष्मा पुसल्यावर केसाएवढी एक तुटलेली रेघ दिसली.

नथ्थूभाऊंनी गळ्यातल्या रिळातून लाल धागा तोडला आणि त्या जागेसमोर साडीच्या काठाला गाठ मारली.

"दोष दिसला का काठाले लाल दोरा. मंग रफूवाली येते, दुरुस्त करते अन् दोरा कापी टाकते. दोरा राहिला म्हणजे माल सेकंडचा, कमी भावाचा." मग हर्षालीकडे बघून म्हणाले, "सुकदेवसारखी नजर कोणाची नव्हती. आमच्यातला एक नंबर."

हर्षाली काचेवर हात ठेवून उभी होती. मला वाटलं, वडिलांची आठवण येत असेल, म्हणून मी पुन्हा कापडाकडे वळले. खरं तर ती माझ्या तोंडाकडे बघत होती. उद्या पहिलं पान ऐकताना मॅडमना ही गाठ आठवेल, एवढ्यासाठी तिने मला तिथे नेलं होतं. हे मला संध्याकाळी कळलं.

येताना तिने गाडीवरून पोंक घेतला, कोवळी भाजलेली ज्वारी, बरोबर तिखट शेव आणि साखरेचे दाणे. आमच्याकडचा हुरडा आणि हा पोंक ही सख्खी भावंडं, फक्त हा शहरात वाढलेला. आम्ही तो रिक्षातच संपवला.

दुपारी हर्षाली शिकवणीला गेली. वत्सलाताई बाजारात. मी एकटी कातर घेऊन बसले. चार-पाच साड्या झाल्या, हात बसला होता, मी स्वतःवर खूश होते. तेवढ्यात कॉटवर एक साडी दिसली. मोरपिशी, जुनी, इस्त्री करून नीट घडी घातलेली. काठाला बोटभर लाल धागा बांधलेला.

आता सांगते कशी बुद्धी फिरली. मला सकाळीच नवं ज्ञान झालेलं. दोष दिसला की लाल धागा, दुरुस्त झाला की कापायचा. मी साडी उलगडली, खिडकीपाशी नेली, धाग्यासमोरचं कापड बोटांनी चाचपलं. दोष कुठे दिसेना. म्हणजे दुरुस्त झालाय आणि बिचारीचा धागा काढायचाच राहून गेलाय! इतकी वर्षं कोणाच्या लक्षातच आलं नाही! मी कट्‌कन धागा कापला, गोणीत टाकला, साडीची होती तशी घडी घातली आणि कोणाचं तरी भलं केल्याच्या समाधानात पुढची साडी मांडीवर घेतली.

खुणेचा अर्थ बदलतो, हे जगाला सांगत जिने एकतीस वर्षं काढली, त्या बाईने हे केलं.

हर्षाली आली. उद्याच्या पिशवीत कागद ठेवले, मग साडी उचलली. काठ हातात घेतला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटं फिरवली. मग परत फिरवली.

"मम्मीने धुतली का ही?" तिने मलाच विचारलं. वत्सलाताई आत भाजी ठेवत होत्या.

मला कळलं. काय ते कळलं नाही, पण काहीतरी फार वाईट झालंय एवढं कळलं. कबूल करते, एक क्षण गप्प बसायचा मोह झाला. धाग्याच्या ढिगात धागा, कोणाला पत्ता लागला असता? पण ती मुलगी तिसऱ्यांदा काठ चाचपायला लागली आणि मला बघवेना.

"हर्षाली, मी कापला. मला वाटलं, काढायचा राहिलाय."

ती पाहुण्यांना जपणारी मुलगी. "कंई वांधो नहीं, काही हरकत नाही, मॅडम," म्हणाली, आणि लगेच तिचे डोळे भरून आले. मग मटकन खाली बसली आणि गोणी उलटी केली. मी पण बसले. लाल धाग्यांच्या त्या डोंगरात आम्ही दोघी एक लाल धागा शोधायला लागलो. शोधता शोधता तिने मला निबंधाचं पहिलं पान तोंडी सांगितलं.

ती जन्मली तेव्हा सुकदेवभाऊंनी मिलमधली सेकंडची साडी बायकोसाठी आणली. दोष पदराच्या आत जाईल एवढासा, पण काठाला त्यांनीच बांधलेला लाल धागा. ते काढायला गेले तर वत्सलाताईंनी हात धरला. म्हणाल्या, हा दोरा व्हता म्हणून तर साडी आपल्या घरी आली, राहू द्या. तेव्हापासून त्या घरात लाल धाग्याचा अर्थच पालटला. सुकदेवभाऊ घरी काहीही आणायचे, उसाची कांडी, नवं दप्तर, हर्षालीचा पहिला फ्रेंच शब्दकोश, त्याला लाल धागा बांधून आणायचे. मिलमध्ये ज्याने माल नापास व्हायचा, ती खूण डिंडोलीत आल्यावर पप्पांच्या हातची भेट झाली. लाजेच्या गाडीची जशी मानाची गाडी झाली. निबंधाची सुरुवात हीच होती. आणि बाकीचे धागे कधीच गेले. पप्पांनी स्वतः बांधलेली गाठ उरली होती ती एवढीच, मोरपिशी साडीच्या काठाची.

मला तिथून उठून सरळ सांगलीला चालत जावंसं वाटलं.

वत्सलाताई चहा घेऊन बाहेर आल्या. खोलीभर धागे, मधोमध आम्ही.

"काय जायं?"

मी सांगितलं. माझ्या आवाजाचं काय झालं होतं कोण जाणे, कारण त्यांनी चहा खाली ठेवून आधी माझ्या पाठीवर हात फिरवला. मग साडी घेतली, काठ बघितला आणि हसायलाच लागल्या.

"अवो ताई, ती गाठ त्यांची कुठली! त्यांची गाठ पहिल्या धुण्यातच गेली. मिलचा दोरा, कच्चा रंग. मी घाबरले, पटकन दुसरा बांधी टाकला. मग तो कुजला. मग तिसरा. दिवाळीले पावणे आले का ते साडी काढायला लावत. 'पहा, मन्ही गाठ! इतकी वरीस झाले, सुटली नही.' मी आपली पदर तोंडाला लावून हसायची. काय सांगू त्यांना? किती खूश व्हायचे."

"पप्पांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं?" हर्षालीने विचारलं.

"कोण सांगणार?" वत्सलाताई म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे पाण्याने भरले. त्यांनी ते पुसले नाहीत. "चहा थंड होतोय," म्हणाल्या.

हर्षाली कप घेऊन गच्चीवर गेली. बराच वेळ आली नाही. खाली आम्ही दोघी धागे गोणीत भरत होतो. मी पुन्हा पुन्हा माफी मागत होते आणि त्या पुन्हा पुन्हा, "सोडा ना ताई," म्हणत होत्या. त्यांनी रिळातून लाल धागा काढून साडीवर ठेवला. पण हर्षाली खाली आली तेव्हा तिने तो उचलून बाजूला केला.

"आता नको मम्मी. उद्या अशीच नेते. मॅडम, पहिलं पान परत लिहायला लागेल."

जेवणापर्यंत आम्ही दोघी जमिनीवर कागद पसरून बसलो. आधीचं तिचं म्हणणं होतं की वस्तू तीच राहते, अर्थ बदलत जातो. ते खोडलं. मग तिने मला माझ्याच एका व्याख्यानाची आठवण करून दिली, जे मी विसरले होते. ज्या कवींनी त्या कथा रचल्या, त्यांच्या हातची एकही प्रत आज शिल्लक नाही. आपण वाचतो ते सगळं नकला करणाऱ्यांच्या हातचं. एक प्रत जीर्ण झाली की कोणीतरी दुसरी लिहिली, तिच्यावरून तिसरी, आणि दर वेळी थोडा हात फिरला. गाडी आणि ताट आणि बाही आपल्यापर्यंत पोचली ती या अनाम लोकांनी पुन्हा पुन्हा लिहिली म्हणून.

"मम्मी म्हणजे नक्कल करणारी," हर्षाली म्हणाली.

"कोणाची नक्कल केली गं मी?" आतून आवाज आला.

कॉलेज, तिसरा दिवस

सभागृहात साठ-सत्तर खुर्च्या आणि वीस-बावीस माणसं. चर्चासत्रांची ही खोड सांगलीत आणि सुरतेत सारखीच. वत्सलाताई पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स घट्ट धरून. निबंध इंग्रजीत होता. त्यांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं आणि त्या सबंध वेळ मुलीच्या तोंडाकडे बघत होत्या.

पहिली दोन मिनिटं हर्षालीने कागदातून डोकं वर काढलं नाही. मग तिने साडी उलगडली आणि काठ हातात धरला. इथे एक धागा होता, असं म्हणाली. मिलमध्ये त्याचा अर्थ काय, घरात काय झाला, आणि तो धागा मूळचा नव्हताच, हे तिने सांगितलं. मी कापला हे सांगितलं नाही. "काल तो तुटला," एवढंच म्हणाली. त्यानंतर ती बाराव्या शतकात शिरली आणि मग तिला कोणी थांबवू शकलं नसतं. नंतरच्या कथांत वळणावळणावर एक म्हातारा साधू बसलेला असतो आणि शिलेदाराने जे जे पाहिलं त्याचा अर्थ त्याला समजावून सांगतो. हर्षाली म्हणाली, की हे साधू आले तेव्हापासून खुणा शहाण्या झाल्या आणि थोड्या मुक्याही. मला हे साधू कधीच आवडले नाहीत. का, ते त्या दिवशी खुर्चीत बसल्यावर कळलं: वर्गात मी आयुष्यभर तेच करत आले होते.

एका प्राध्यापकांनी विचारलं, की मग खूण म्हणजे नेमकं काय धरायचं, धागा, गाठ की अर्थ? हर्षालीने हातातल्या काठाकडे बघितलं. "मला अजून माहीत नाही, सर," म्हणाली. मी आयुष्यात इतक्या मौखिक परीक्षा घेतल्या, पण एवढं सरळ उत्तर मला कोणी दिलं नव्हतं. मला तिचा फार अभिमान वाटला आणि मी तो लपवला नाही, जोरात टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांना वाजवाव्या लागल्या.

बाहेर आल्यावर वत्सलाताई शेजारणीला फोन लावून "लई भारी बोलली" हे सांगत होत्या. हर्षालीने मला कोपऱ्यावर लोचो खायला नेलं. वाफेवरचं मऊ, विस्कटलेलं खमण, वर तेल, शेव आणि मिरची. खमण फसलं म्हणून लोचो झाला असं सांगतात. फसलेलं असं चालत असेल तर माझी काही तक्रार नाही.

तिने दोनदा चमचा उचलला, दोनदा ठेवला.

"मॅडम, एक बात सांगते. मम्मीला बोलू नका. मी सातवीत होते. मम्मीची साडी नेसून बघत होते, एकटीच. धागा अडकला आणि तुटून हातात आला. मी इतकी घाबरली. पप्पांची गाठ तोडली मी. मग मम्मीच्या रिळातून घेतला आणि बांधून टाकला. कोणालाच नाही सांगितलं. पप्पा प्रत्येक दिवाळीला दाखवायचे ने, माझी गाठ, माझी गाठ, तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन उभी राहायची. ते गेले तेव्हा पण पहिला विचार तोच आला. सांगायचं राहून गेलं." तिने नाक पुसलं. "म्हणून तर हा निबंध लिहिला. आणि काल मम्मी म्हणते, ती पप्पांची नव्हतीच. बारा वर्षं मी फुकट रडली, मॅडम."

मी तिचा हात धरला. नाही सांगणार, म्हटलं. काल मी कापलेली गाठ या मुलीची होती.

स्टेशन, चौथा दिवस

सकाळी हर्षालीची शिकवणी होती, म्हणून मला सोडायला वत्सलाताई आल्या. डब्यात डाळीचे वाफवलेले फुणके, पिशवीत भाकरी, वर घारी या सुरती मिठाईचा बॉक्स. गाडी अर्धा तास उशिरा होती. बाकावर बसलो. मी शेवटची माफी मागितली.

"ताई, आता पुरे," त्या म्हणाल्या. "काल सांजच्याला पोरीनं बांधी टाकली गाठ. मी डोळे मिटून पडले व्हते, तिले वाटलं झोपले. गाठ तीच, जुनीसारखी."

"जुनीसारखी म्हणजे?"

वत्सलाताईंनी इकडेतिकडे बघितलं, जणू फलाटावर हर्षाली ऐकते आहे.

"ती डावखुरी शे ना. तिची गाठ उलट्या बाजूनं पडते. शाळेत व्हती तवाच एकदा साडी काढली अन् पाहते तर काय, गाठ उलटी! मी ओळखलं. तिच्या हातून तुटली अन् तिनं गुपचूप बांधली. मी काहीच बोलले नही. म्हटलं, बापाची गाठ आपण सांभाळली, असं तिले वाटत असेल. कवढी खुशी असेल पोरीच्या मनात. मी कशाले मोडू? त्यानंतर मी त्या साडीले कधी धागा बदलला नही. तिचाच राहू दिला. तिले सांगू नका हां."

मी तोंड उघडलं. एकतीस वर्षांची सवय, अर्थ सांगायला जीभ आपोआप पुढे येते. पण काल संध्याकाळी मी हर्षालीलाही तसंच वचन दिलं होतं. तेवढ्यात गाडी आली, त्यांनी डबा माझ्या हातात कोंबला आणि "खाई ल्या बरं का, टाकू नका," म्हणत खिडकीबरोबर चार पावलं चालल्या.

सांगलीपर्यंत मला झोप लागली नाही. आई समजते की लेक इतकी वर्षं खुशीत होती. लेक इतकी वर्षं बाथरूममध्ये उभी राहून रडत होती. आणि दोघींनीही मला गप्प बसवलं होतं.

हे लिहायच्या आधी मी दोघींना वेगवेगळा फोन केला. सगळं लिहू का, असं विचारलं. वत्सलाताई म्हणाल्या, "लिहा ना. ती कुठं मराठी वाचते, तिचं सारं गुजराती." हर्षाली म्हणाली, "लिहा, मॅडम. मम्मीला बारीक अक्षर दिसतच नाही."

हर्षाली, म्हणून हे तुझ्याचसाठी. तू मराठी अडखळत वाचतेस, मला माहीत आहे. सावकाश वाच. पण मनात वाचू नकोस. आईला शेजारी बसव आणि मोठ्याने वाच.